दाराची कडी

परळ, २ मे १९६०

चिरंजीव लवू यास सुंदराकाकीचा आशीर्वाद.

काल महाराष्ट्र झाला. चाळीने पणत्या लावल्या, त्यातली पहिली माझ्या हातून. सगळे म्हणाले, चळवळीत हिचं दार कधी बंद नव्हतं. पळत आलेल्या पोरांना मी पाणी द्यायची, अश्रुधुरावर कांदा द्यायची, हे खरं आहे. पण कधीपासून, ते कुणी विचारत नाही.

तुला लाठ्या पडल्या, त्या दुपारनंतर मी दिवसा कडी लावली नाही. एकदा चोराने पितळी हंडा नेला, तरी नाही. वाटलं, एवढ्याने पाप फिटेल.

इस्पितळात तूच म्हणालास, "काकी, तू घरात नव्हतीस, नायतर दार उघडलं असतंस." मी तुझ्यासाठी मोसंबं सोलत होते. सोलत राहिले. पुढे लाठीने मोडलेल्या त्या हाताने माग चालवता येईना, म्हणून तू गावी गेलास.

लवू, मी घरातच होते. मोर्च्याच्या दिवशी कुणी कडी लावायची नाही, असं चाळीत ठरलं होतं. जिन्यात शिपायांचे बूट वाजले आणि मी लावली. तू शेजारच्या खोलीतला, तुझी थाप मी ओळखली. दाराला पाठ लावून उभी राहिले. तू तीनदा "काकी" म्हणालास.

एरवी पत्रं मीराबाई लिहून देते. हे मी स्वतः लिहिलं, म्हणून अक्षर असं.

आताही दार सताड उघडं आहे. हे पत्र मात्र ट्रंकेत ठेवते आणि तिला कडी लावते.

तुझी,
सुंदराकाकी