व्हरांड्यातल्या चौदा विहिरी

८ डिसें., सोम., लोहारा

मुरुमहून जीपनं. नेहमीसारखं अर्धं अंग बाहेर. विज्ञानाच्या शिक्षकांचं प्रशिक्षण आजपासून: मोबाईलवरचा नकाशा वर्गात कसा वापरायचा. शिकवणारी कोण, तर मी! आणि पहिल्या बाकावर जाधव गुरुजी. मला सातवीला विज्ञान शिकवलेले. पाया पडायला वाकले तर म्हणाले, "इथं तुमी मॅडम. करा सुरू." केवढा धीर आला.

काम दिलंय. मुलांना घेऊन गावातल्या विहिरींचं पाणी मोजायचं, विहिरी नकाशावर टाकायच्या. गावाच्या कुठल्या बाजूचं पाणी आधी आटतं ते पोरांनीच शोधायचं. आठवड्याची मुदत.

१५ डिसें., सोम.

आज सगळ्यांचे नकाशे भिंतीवर दाखवले. गुरुजींच्या गावच्या चौदाच्या चौदा विहिरी शाळेच्या व्हरांड्यात! मागून एक तरुण सर ओरडले, "गुरुजी, शाळेतच एवढं पाणी हाय, मग टँकर कशाला मागवता?" झालं, सगळा हॉल हसायला लागला. मी पण. लई हसले मी.

गुरुजींनी मोबाईल खिशात घातला. चहालाही थांबले न्हाईत.

१६ डिसें.

सकाळीच गुरुजींचा मेसेज. "मॅडम, माझं नाव यादीतून काढावं." प्रशिक्षण बघणाऱ्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "बरंच झालं की. रिटायर व्हायला दीड वर्ष राहिलंय त्यांचं. नकाशा पूर्ण असेल त्यांचीच नावं पुढच्या टप्प्याला पाठवा. शुक्रवार, संध्याकाळी सहापर्यंत."

दिवसभर कशात जीव नाही. मला काय गरज होती दात काढायची? सातवीत माझ्या हातनं थर्मामीटर फुटला, पारा फरशीभर. या माणसानं वर्गात एकाला हसू दिलं नव्हतं.

१७ डिसें., बुध.

अर्धी रजा टाकली, गुरुजींच्या शाळेत गेले. त्यांनी वही काढून दिली. आगं माय! चौदा विहिरी, प्रत्येकीला एक पान. मालकाचं नाव, पायऱ्या किती, दोर कितव्या गाठीला भिजला. आठवीची सानिया म्हणाली, "मॅडम, गुरुजी समद्या विहिरींवर आले आमच्यासंगं. पायी."

"मग नकाशावर कुठं बसून टाकल्या?"

"इथंच, व्हरांड्यात. दुसरीकडं रेंज कुठंय?"

बरोबरच आहे की. पोषण आहार, हजेरी, सगळी ऑनलाईन माहिती आम्ही रेंज सापडेल तिथं बसूनच भरतो. हे ॲप आपण उभं असू ती जागा धरतं, हे मी सांगायलाच विसरले. हॉलमध्ये खुर्चीत बसून खोटी विहीर भरून दाखवली होती मीच! रेंज नसली तरी विहिरीवर भरून ठेवायचं, शाळेत आल्यावर पाठवायचं. दोन मिनिटांची गोष्ट. गुरुजींना करून दाखवली.

"चुकले मी, गुरुजी. शिकवण्यात पण, हसण्यात पण."

गुरुजींनी वही मिटली. मग म्हणाले, "ते पोरगं हसलं, त्याचं काय न्हाय. तू हसलीस, ते जिवाला लागलं." डोळ्यांत पाणी आलं माझ्या. नाव ठेवू का काढू, विचारायचं धाडस झालं नाही. निघताना ओंजळभर भुईमुगाच्या शेंगा दिल्या. रागावलेला माणूस शेंगा देतो का?

१८ डिसें.

सगळ्या बॅचला मेसेज टाकला. चूक माझी होती, गुरुजींची नाही. विहिरीवर उभं राहून कसं भरायचं, तेही लिहिलं. टँकरवाले सर लगेच, "मॅडम, माझ्यापण पाच विहिरी घरातच निघाल्या." बिचाऱ्यानं कबूल तरी केलं.

गुरुजींकडनं काही नाही.

१९ डिसें., शुक्र.

सकाळपासून नकाशा उघडून बसलेय. साडेदहापर्यंत काही नाही. मग व्हरांड्यातली एक विहीर कमी झाली, ओढ्याकाठी एक आली. एकटीच टाळी वाजवली. जेवायच्या सुट्टीपर्यंत सहा. पाचला अकरा. पुढं हलेचना.

सव्वापाचला फोन. "तीन राहिल्या बघ. लेकरं दमली, घरी सोडली. उद्या शाळा सुटली की जातो." मग, "नाव काढलंस का माझं?"

"नाही, गुरुजी."

"काढू नको."

लई बरं वाटलं. पावणेसहाला यादी पाठवली. गुरुजींच्या नावापुढं लिहिलं: अकरा झाल्या, तीन उद्या. साहेबांनी वाचलंय. उत्तर नाही अजून.