निळ्या चौकड्यांचा शर्ट

सोमवार, ८ जून

ही वही आणून ठेवल्याला कितीतरी दिवस झाले. उद्यापासून लिहू, उद्यापासून लिहू, असं करत आधी तिच्यावर चहाचा कप ठेवला, मग खिडकीच्या फटीत वारा अडवायला लावली. ताई म्हणते, तुझा उद्या कुठल्याच कॅलेंडरात सापडत नाही. तर आज लिहितोय, कारण नोकरीचा पहिला दिवस आहे आणि मी चक्क खुशीत आहे.

खोली एका बंद पडलेल्या शिंप्याच्या दुकानावर आहे. जिन्यात अजून कोऱ्या कापडाचा वास येतो. खाली काचेआड बिनमुंडक्याचा पुतळा आहे, गळ्याशी मोजपट्टी लोंबणारा. येताजाता त्याला हात करतो, सध्या रस्त्यावर दुसरं भेटतंय कोण. मालकीणबाई मागे राहतात, तोंडाला मास्क लावून दार अर्धं उघडून बोलतात. नळ सोडला की शिट्टी वाजते. त्या शिट्टीवर लिहायला बसलो तर पान संपेल, तेव्हा राहू दे.

कंपनी पाच जणांची, सगळे आपापल्या घरून. कुठल्या दुकानात कुठलं औषध शिल्लक आहे ते फोनवर दाखवणारं अ‍ॅप आहे, आणि या साथीत त्याला रग्गड मागणी. माझं काम टेस्टिंगचं, म्हणजे अ‍ॅप कुठे मोडतं ते शोधायचं. ताई म्हणाली, मोडायचा तुला दांडगा अनुभव आहे. तिनेच शब्द टाकला. आमचा मालक पूर्वी तिच्याबरोबर काम करायचा. नाहीतर मला कोण उभं करणार होतं? चांगल्या कंपनीतून मी एकदा जेवायच्या सुट्टीत उठलो तो परत गेलोच नाही. मग हॉटेलात किल्ल्या वाटल्या, बोटीवर सामान चढवलं, पर्यटकांना फिरवलं. साथ आली आणि सगळ्यालाच कुलूप लागलं.

ती चांगली नोकरी सोडल्यापासून आईला तोंड दाखवलेलं नाही. ताई असते तिच्याजवळ. ठरवलंय, नोकरी पक्की झाली की घरी जायचं. ताठ मानेने.

बुधवार, १० जून

रोज सकाळी मीटिंग असते आणि कॅमेरा चालू ठेवायचाच, असा नियम आहे. मालकाच्या मागे भिंतीवर जहाजाचं चित्र आहे म्हणून मी त्याला मनात कप्तान म्हणतो. कप्तानाचं म्हणणं असं की चेहरे दिसले पाहिजेत, नाहीतर भुतांबरोबर धंदा करतोय असं वाटतं. सगळे हसले. मी एक क्षण उशिरा हसलो.

दुसरी आहे ती चष्मा. माझी वरिष्ठ. तिच्या भिंगांत तिच्या पडद्यावरचा सगळा कोड उलटा दिसतो. बाई फार हुशार, आणि वर मायाळूही.

शुक्रवार, १२ जून

आज कप्तानाने मला विचारलं की अ‍ॅपमधला औषधांचा शोध इतका हळू का चाललाय. मला माहीत नव्हतं. प्रश्न नीट कळलाच नव्हता, कारण मी खिडकीतल्या मांजराकडे बघत होतो. पडद्यावरच्या चौकोनात माझेच कान लाल होताना दिसले. मग चष्मा म्हणाली, असू दे रे, लिहून पाठव सावकाश. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ताईचं नाव घालवणार मी. दिवसभर तेच डोक्यात.

सोमवार, १५ जून

एक युक्ती केली. काल निळ्या चौकड्यांचा शर्ट घालून कॅमेऱ्यासमोर बसलो आणि स्वतःचंच चित्रण केलं. लक्ष देऊन ऐकतोय, मान डोलावतोय, कान खाजवतोय, काहीतरी टिपून घेतोय, शेवटी जरासं हसतोय. आज तेच चित्रण मीटिंगमध्ये माझी पार्श्वभूमी म्हणून लावलं आणि कॅमेऱ्यावर चिकटपट्टी मारली. कोणाला पत्ता नाही. माझा चौकोन शहाण्या मुलासारखा मान डोलावत होता आणि मी पलंगावर पडून नखं कापत होतो.

कोणी विचारलंच तर नेट गेलं म्हणायचं. लाज वाटली. पण लाजेपेक्षा सुटल्यासारखं जास्त वाटलं.

शुक्रवार, १९ जून

चष्माचा निरोप आला. आज मीटिंगमध्ये बोललास ते अगदी बरोबर होतं, औषधाचं नाव एका अक्षराने चुकलं की शोध रिकामा येतो, हे आमच्या कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. आणि हो, आज आवाज खणखणीत होता तुझा.

मीटिंगच्या वेळी मी खाली मांजराला दूध घालत होतो.

तिला तसं कळवायला हवं होतं. मी लिहिलं, धन्यवाद.

मंगळवार, २३ जून

ते चित्रण पुन्हा नीट पाहिलं. माझ्या मागे खोलीचं दार दिसतं. चित्रण करताना मी कडी लावली होती, मालकीणबाई मध्येच येतात म्हणून. पक्की आठवतेय. चित्रणात कडी काढलेली आहे आणि दार बोटभर उघडं आहे. शिवाय मी बाह्या दुमडल्या नव्हत्या. तो दुमडून बसलाय.

फाइल पुसून टाकली.

लिहिताना 'तो' आलं. राहू दे.

गुरुवार, २५ जून

चिकटपट्टी काढली. पांढरा बनियन, वर करडा शर्ट घालून खराखुरा बसलो. माझ्या चौकोनात निळा शर्ट. मी हात वर केला. त्याने केला नाही. तो बोलत होता. मी तोंड मिटून होतो, आणि तो बोलत होता, माझ्याच आवाजात, पण न अडखळता. मग त्याने कप्तानाच्या जहाजावरून काहीतरी विनोद केला आणि सगळे खो खो हसले. चष्मा तर डोळे पुसत होती.

माझ्या बोलण्यावर असं कोणी कधी हसलं नाही.

मीही हसलो. काय करणार होतो?

शनिवार, २७ जून

मालकीणबाई रागावल्या. म्हणाल्या, सकाळी बाहेर पडलास तेव्हा तोंडाला काही नव्हतं, हाका मारल्या तर मागे वळूनही पाहिलं नाहीस, एवढा कसला रे ताठा?

मी सकाळी खोलीतच होतो.

माफी मागितली. का मागितली?

वर येऊन पाहिलं, खुंटीवर निळा शर्ट नाही.

सोमवार, २९ जून

चौकोनात नुसती खुर्ची. मागचं दार सताड उघडं. मी वळून माझं दार पाहिलं — बंद. कडी लावलेली.

कप्तान त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून प्रेमाने सांगत होता की तुझी नोकरी आजपासूनच पक्की, तू मागितलीस तशी सुट्टीही देतो, प्रवासाची परवानगी काढून ठेवलीय. जा, आईला भेटून ये. तुझ्या ताईने सांगितलं होतं त्याहून तू कितीतरी चांगला निघालास.

मी ओरडायला हवं होतं. तो मी नाही, हे एवढंच. पण मग सगळंच सांगावं लागलं असतं. चित्रण, चिकटपट्टी, नखं. ताईला कळलं असतं. म्हणून मी —

गप्प बसलो.

मंगळवार, ३० जून

बूट नाहीत. फोन नाही. मीटिंग उघडत नाही, म्हणे तुम्ही दुसरीकडे आधीच हजर आहात.

दाराशी ओल्या बुटाचा ठसा. माझ्या मापाचा. बाहेर जाणारा.

आत येणारा एकही नाही.

बुधवार, १ जुलै

मालकीणबाईंच्या ओट्यावर. त्यांचा फोन मागून घेतला. ताईचा नंबर या वहीच्या पाठीवर होता म्हणून लावता आला — एका हाताने फोन कानाशी धरलाय, दुसऱ्याने लिहितोय.

ताईने उचलला. मी काही बोलायच्या आतच तिला राहवेना. म्हणाली, जरा थांबता का, आमचा धाकटा आलाय हो, आत्ताच, न कळवता, निळ्या शर्टात दारात उभा — आई त्याचा चेहरा ओंजळीत धरून बसलीय, सोडतच नाही — किती बदललाय, मान वर करून बोलतोय —

मागे आई हसतेय. तिचं हे हसू मी विसरलो होतो.

सांगायला हवं. आत्ता. एक शब्द. पण ती हसतेय — आणि माझ्याकडे बघून ती अशी कधी —

मागून कोणीतरी विचारलं, कोणाचा फोन गं ताई? माझाच आवाज. शांत.

ताई म्हणाली, माहीत नाही रे, बोलतच नाहीत. मग मला, आपण कोण बोलताय? आणि मी —