कोपऱ्यावरचं दुकान

२ जानेवारी
आजपासून रोज लिहायचं. मोठ्या घडामोडी चालू असताना कुणीतरी नोंद ठेवायला हवी, आणि या बिल्डिंगमध्ये डोकं वापरणारा मी एकटाच.
समोरच्या रस्त्यावर लाइट रेलचं स्टेशन होणार. रूळ उंचावरून. आमची बिल्डिंग पाडून तिथं टॉवर: खालचे मजले दुकानांचे, मध्ये ऑफिसं, वर घरं. सगळ्यांनी सह्या केल्या. मी नाही. घाईत सही करणारा माणूस आयुष्यभर हात चोळतो.

११ जानेवारी
मध्ये लिहिणं राहिलं. डावपेचांत होतो.
बिल्डरचा माणूस आला. टाय लावतो, म्हणून त्याचं नाव टायवाला. माझ्या बॅगांच्या दुकानाच्या बदल्यात दुसऱ्या मजल्यावर तेवढंच दुकान देतो म्हणाला. मी हसलो. बॅग घ्यायला दोन मजले कोण चढेल? मला खालचा कोपरा हवा, स्टेशनच्या अगदी तोंडावर. स्टेशन म्हणजे प्रवासी, प्रवासी म्हणजे बॅगा. हे कळायला टाय लागत नाही.
तो कुठल्याशा पुलाबद्दल काही सांगत होता. मी बोलू दिलं नाही. समोरच्याला बोलू दिलं की आपण हरलो.

१२ जानेवारी
बायकोचं म्हणणं, ही गाडी शहरातल्या शहरात फिरणार, तिच्यात सूटकेस घेऊन कोण बसेल? धंद्याच्या गोष्टी तिला समजत नाहीत. गाडी हलकी, तर बॅगाही हलक्या विकू. उत्तर तयार होतं, पण ती स्वयंपाकघरात निघून गेली होती.

२० जानेवारी
साइट ऑफिसात टॉवरचं मॉडेल पाहिलं. काचेची पेटी, आत पुठ्ठ्याचा टॉवर, बोटाएवढी झाडं, तांदळाएवढी माणसं. माझा कोपरा लगेच ओळखला. समोर फुटपाथ, पण माणसं सगळी वर, स्टेशनातून टॉवरमध्ये जाणाऱ्या एका पट्टीवर चिकटवलेली. पट्टी पन्हाळीसारखी दिसत होती, पावसाच्या पाण्याची असावी. पन्हाळीत माणसं उभी करणाऱ्या कारागिराला काय म्हणावं!
टायवाला चहा सांगायला गेला तेवढ्यात काच सरकवली, सात-आठ माणसं नखानं सुटी केली आणि माझ्या दुकानापुढं उभी केली. लगेच जिवंत वाटायला लागलं. घरी येईपर्यंत तीच गर्दी डोळ्यांपुढं होती.

८ फेब्रुवारी
माझ्यामुळं काम अडलंय म्हणे. वरच्या मजल्यावरच्या रिटायर्ड बाई जिन्यात भेटल्या की भिंतीकडं बघतात. त्यांना लिफ्ट हवी आहे. मलाही लोकांचं भलं हवं आहे, पण सगळ्यांनीच गुडघ्यांचा विचार केला तर दूरचा कोण करणार?
संकल्प: उद्यापासून सकाळी फिरायला जायचं. वाटाघाटींना दम लागतो.

१९ फेब्रुवारी
जिंकलो. टायवाला नमला. कोपरा माझा.
फक्त तो आकारानं मोठा आहे, म्हणून वर मिळणाऱ्या आमच्या फ्लॅटमधली एक खोली कमी होईल. मी सही केली. घरी सांगितलं. बायकोनं विचारलं, कुठली खोली? म्हटलं, ती छोटी. बायको दुपारी दार लावून जिथं एकटी बसते ती. तिनं आणखी काही विचारलं नाही. पटलं असावं.
(फिरायला गेलो नाही. थंडी होती.)

२३ फेब्रुवारी
दुसऱ्या मजल्यावरचं ते टाकाऊ दुकान शेवटी मेहुण्याच्या गळ्यात पडलं. बायकोचा धाकटा भाऊ. शेजारीच त्याचं सलून आहे. स्वभावानं गरीब, मिळेल ते घेतो. मला वाईट वाटलं. सांगितलं, वर कुणी आलं नाही तर माझ्या कोपऱ्यात एक खुर्ची टाक. तो म्हणाला, हो भावोजी. उपकाराची जाण आहे त्याला.

६ नोव्हेंबर, पुढचं वर्ष
भाड्याच्या घरात लिहायला जागा नव्हती, म्हणून खंड पडला.
आज साइटवर गेलो. टॉवर चांगलाच वर आलाय. माझ्या दुकानासमोर एक भलामोठा खांब उभा केलाय आणि त्यावरून स्टेशनकडं काहीतरी बांधतायत. आधी संताप आला. मग लक्षात आलं, गिऱ्हाइकांना सावली. मी मागितलीही नव्हती.
बायको सोबत होती. बराच वेळ मान वर करून बघत होती. मग म्हणाली की हे लोक स्टेशनातून खाली येणारच नाहीत, परस्पर दुसऱ्या मजल्यावर जातील. मी म्हटलं, माणूस किती वर गेला तरी शेवटी जमिनीवर येतोच. ती म्हणाली, हो, येतो.

३ एप्रिल, त्याच्या पुढचं वर्ष
ताबा मिळाला. दुकान लखलखीत. माल दुप्पट भरला. जे मावलं नाही ते वर फ्लॅटमध्ये ठेवलं. हॉलमध्ये आता खोकी आणि बायको.
संकल्प: पहिल्या दिवशी गर्दीवर आवाज चढवायचा नाही. सर्वांना हसून, रांगेत.

१४ एप्रिल
लाइट रेल सुरू झाली. पहाटेच शटर उघडलं. नवा शर्ट.
दर थोड्या वेळानं गाडी येते. मग डोक्यावर धाडधाड पावलं. हजारो असतील. नंतर शांत. पुन्हा गाडी, पुन्हा पावलं. खाली फुटपाथवर मी आणि एक कुत्रा.
पहिलाच दिवस आहे. लोकांना जिना सापडला नसेल.

१७ एप्रिल
जिना सापडत नाही असं नाही. लागतच नाही. पुलावरून थेट दुसरा मजला, तिथून लिफ्टनं ऑफिस. लोक माझ्या डोक्यावर मिरे वाटत जातात आणि मी खाली पिशव्यांवरची धूळ झटकतो. टायवाल्याला फोन केला. तो म्हणाला, साहेब, मी सांगत होतो. हा माणूस पहिल्यापासूनच उद्धट.

१९ एप्रिल
वर पुलावर बाण लावला: बॅगांचं दुकान खाली. वॉचमननं तासाभरात काढला. पुन्हा लावला. पुन्हा काढला. आता तो मला बघूनच उठतो.

२२ एप्रिल
आज एक गृहस्थ खाली आले. सूट, हातात फोन. मी उठून उभा राहिलो. त्यांचं लिफ्टमध्ये बटण चुकलं होतं. वर कसं जायचं विचारत होते. मी नीट समजावलं, दारापर्यंत सोडलं. एक बॅगही दाखवली. ते घाईत होते.

३० एप्रिल
दुपारी जेवायला वर गेलो. बायको हॉलमध्ये दोन खोक्यांच्या मध्ये भिंतीकडं तोंड करून बसली होती. दार लावायला दारच नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी आमटीत मीठ कमी आहे म्हणालो. कमी नव्हतं. या सगळ्याचा मला फार राग आलाय. कुणाचा ते ठरत नाही. टायवाल्याचा धरू.

९ मे
मेहुण्याच्या सलूनमध्ये गेलो, सहज. दार पुलाच्या समोरच. तीन नव्या खुर्च्या, बाकावर बसायला जागा नाही, लोक उभे. मला बघून त्यानं हातातली कात्री ठेवली. म्हणाला, भावोजी, तुम्ही म्हणाला होतात ना माझ्या कोपऱ्यात खुर्ची टाक म्हणून. आता माझ्या कोपऱ्यात तुम्ही टाका. हे तो टोमणा म्हणून बोलला नाही, याचाच जास्त त्रास झाला.

१२ मे
विचार करून निर्णय घेतला. मेहुण्याला एकट्याला झेपत नाही, अनुभवी माणूस जवळ हवा. म्हणून काही दिवस त्याच्याकडं बसणार. तात्पुरतं. खालचं शटर ओढलं. खोक्यांचं बघू असं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आधी छोट्या खोलीएवढी जागा तरी मोकळी कर.

१३ मे
पहिला दिवस. काम सोपं आहे. ऑफिसला जाणारे लोक खुर्चीत बसायच्या आधी आपलं सामान माझ्याकडं देतात, दाढी झाली की परत घेतात. लॅपटॉपच्या, खांद्यावरच्या, चाकांच्या, सगळ्या तऱ्हा. एकाकडं चाकांची सूटकेससुद्धा होती. बायकोला मुद्दाम सांगितलं.
दिवसभर माझ्या हातात बॅगाच बॅगा होत्या. एकही माझी नव्हती.