बिननंबरी तक्रार

१० जानेवारी

चि. खारूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वॉर्ड ऑफिसात तुझी बदली तक्रार विभागात झाली, हे सूनबाईच्या पत्रातून कळलं. तू कळवलं नाहीस. लहानपणी सगळं खिशात दाबून ठेवायचास म्हणून तर खारू नाव पडलं, तेव्हा तक्रार करत नाही. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून मी इतरांचे आवाज जोडून दिले आणि आता मलाच काही ऐकू येत नाही. फोनवर ओरडून घसा बसवून घेण्यापेक्षा चार ओळी लिहीत जा.

आता कामाचं. समोरच्या शिंपीणबाईच्या दारातल्या चेंबरचं झाकण मधोमध तडकलंय, पाय पडला की हलतं. कोपऱ्यावरचा दिवाही बंद आहे. ती अर्जावर सह्या गोळा करत होती. माझ्याकडे आली तेव्हा मी तो कागदच काढून घेतला. म्हटलं, माझा भाचा तिथे बसलेला असताना परक्यासारखे अर्ज कसले करता? तिचं म्हणणं, नाती घरात ठेवावीत, अर्जाला नंबर पडलेला बरा. बाई सरळ आहे, पण हट्टी. बाकीच्यांना माझं पटलं. तेव्हा एवढी दोन कामं कर आणि आत्याची लाज राख.

सूनबाईला आशीर्वाद. तिच्या पाठीला आता कसं आहे ते कळव.

तुझी वाट पाहणारी,
आत्या

१९ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

अर्ज थांबवलास ते उत्तम केलंस. तुला म्हणून सांगतो, तक्रारीला नंबर पडला की तिला पाय फुटतात. ती वर जाते, महिनाअखेर शिल्लक किती म्हणून साहेब विचारतात, आणि सगळे कामापेक्षा खुलासे लिहीत बसतात. त्यापेक्षा आमचे अभियंते माझ्या शेजारच्याच टेबलावर आहेत. चहा पिता पिता सांगितलं की काम होतं. दिव्याचं आजच बोललो, झाकणाचंही बोलतो. गल्लीत आणखी कुणाचं काही असेल तर असंच पत्रातून कळवत जा.

शिंपीणबाईंना सांग, भाचा आत्याच्या शब्दाबाहेर नाही.

हिची पाठ बरी आहे. ती म्हणते, आत्याबाईंनी आता आमच्या ऑफिसची एक शाखाच काढली. तुझा हात डोक्यावर आहे, तो तसाच असू दे.

तुझा,
खारू

६ मार्च

चि. खारूस,
आशीर्वाद.

दिवा लागला. लख्ख. त्या दिवसापासून गल्लीत माझा भाव असा वधारला आहे की विचारू नकोस. किराणावाला मला नगरसेविका म्हणतो. कचऱ्याची गाडी आली नाही, माझ्याकडे या. पाण्याचा दाब कमी झाला, माझ्याकडे या. ऑफिसकडे आता कुणी फिरकतसुद्धा नाही. सोबतच्या पानावर सगळं लिहिलं आहे, बघ.

झाकण मात्र अजून तसंच आहे. आता तर त्याचा एक तुकडा आत पडला. किराणावाल्याने वर फळी टाकून एक रिकामी कुंडी ठेवली आहे, म्हणजे लोकांना दिसेल. शिंपीणबाईने दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा मी जरा लागेल असं बोलले, की घाई असेल तर स्वतःच जाऊन रांगेत उभी राहा. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. तिने रांगेत उभं राहायचं म्हटलं तर मशीन बंद ठेवावं लागतं, हे मला बोलून गेल्यावर सुचलं. असो. तू तेवढं झाकण लावून टाक, म्हणजे माझी मान सुटेल.

उन्हाचा डोक्याला रुमाल बांधत जा.

तुझी,
आत्या

२ एप्रिल

ती. आत्यास,
नमस्कार वि. वि.

एक आनंदाची बातमी. सगळ्या शहरात कमीत कमी तक्रारी आमच्या वॉर्डात, म्हणून फिरती ढाल आम्हाला मिळाली. साहेबांनी सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली. फोटोत मी डावीकडून तिसरा, पोट आत ओढून उभा आहे. तुझ्या गल्लीतून तर यंदा एकही तक्रार नाही, असं साहेबांनी भाषणात उदाहरण म्हणून सांगितलं. मी हसलो. दुसरं काय करणार होतो?

आमचं दुरुस्ती पथक आता पलीकडच्या वॉर्डाला दिलं आहे. तिथे तक्रारी जास्त, इथे गरज नाही असं वरून आलं. झाकणाचं म्हणशील तर अभियंते म्हणाले की दिव्याचं तोंडी जमलं, पण नंबरशिवाय भांडारातून झाकण निघत नाही. नंबर आज घातला तर ढाल मिळाल्या मिळाल्या तुझ्याच गल्लीचं नाव वर जाईल. जरा हा गाजावाजा ओसरू दे, मग घालतो. कुंडी आहे ना तोवर?

तुझ्या मायेवर तगून असलेला,
खारू

११ मे

चि. खारूस,
आशीर्वाद.

शिंपीणबाई चेंबरमध्ये पडली. परवा संध्याकाळी शाळेच्या गणवेशांचा गठ्ठा दोन्ही हातांत घेऊन निघाली होती, समोरचं दिसत नव्हतं. कुंडी कुणीतरी बाजूला सरकवली होती आणि फळी उलटली. एक पाय मांडीपर्यंत आत गेला आणि सगळा भार उजव्या हातावर आला. मनगट मोडलं. मला ओरडणं ऐकू आलं नाही. लोक धावताना दिसले, म्हणून बाहेर आले.

दवाखान्यात मीच बरोबर होते. प्लास्टर घातलं आहे. डॉक्टरांनी लिहून दाखवलं की हाड जुळेल, पण बोटांत कात्री धरण्याइतकी ताकद येईल की नाही हे आत्ता सांगता येत नाही. तिला ते मी सांगितलं नाही, पण तिने माझ्या हातातून कागद घेऊन वाचला. एकटी बाई. हातच तिचं घर चालवतो.

तिच्या बहिणीने तुमच्या ऑफिसला पत्र लिहिलं आहे, झाकण फुटकं होतं म्हणून हे झालं असं. ते तुझ्याकडेच येईल. नीट उत्तर दे.

मी तुला दोष देत नाही. कागद मीच काढून घेतला होता.

आत्या

१६ मे

ती. आत्यास,
नमस्कार.

वाचून फार वाईट वाटलं. नवं झाकण कालच बसवून घेतलं, ते पाहिलंच असशील. पत्र आलं आहे, उत्तर रीतसर जाईल. सध्या कामाची गर्दी आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. तू प्रकृतीला जप आणि फार मनाला लावून घेऊ नकोस.

तुझा,
खारू

४ जून

चि. खारूस,

तुमच्या ऑफिसचं उत्तर आलं. शिंपीणबाईने मला बोलावून वाचायला दिलं. मला माझाच आवाज ऐकू येत नाही म्हणून मी मोठ्याने वाचते, हे तुला माहीत आहे. ओटीवर बसून वाचत होते. सदर झाकणाबाबत कार्यालयाकडे पूर्वी कोणतीही तक्रार प्राप्त नाही. झाकण रहिवाशांकडूनच हलवले गेले असण्याची शक्यता आहे. तिथपर्यंत वाचलं, आणि खाली तुझी सही दिसली. शाळेत असताना प्रगतिपुस्तकावर तुझ्या वडिलांची म्हणून करायचास, त्याच वळणाची. मी वाचायची थांबले तेव्हा किराणावाला दुकानातून बाहेर येऊन उभा होता. सगळी गल्लीच उभी होती.

शिंपीणबाईने माझ्या कानाशी तोंड आणून एवढंच विचारलं, "ऑपरेटरबाई, आता तुम्हीच सांगा, झाकण मी सरकवलं का?"

मी कागद तिच्याकडे परत दिला. घरी येऊन दार लावून बसले. या वयात अशी वेळ येईल असं वाटलं नव्हतं. आता दोघं-तिघं म्हणायलाही लागले आहेत की शिवणाचं पाणी ओतायला तिनेच उघडलं असेल. शिवणाला पाणी लागत नाही एवढंही त्यांना सुचत नाही. ऑफिसने छापून दिलं की लोकांना खरं वाटतं.

वीस तारखेच्या नागरिक सभेत ती उठून विचारणार आहे. तू काय करावंस ते मी सांगणार नाही. तुला मी वाढवलं नाही, फक्त लाड केले.

आत्या

९ जून

ती. आत्यास,
नमस्कार.

तुझं पत्र हिने आधी वाचलं. जेवायला वाढून आत गेली.

ते उत्तर मी लिहिलं. पहिलं वाक्य खरं आहे, रजिस्टरला तक्रार नाहीच. लिहिताना मी स्वतःला हेच सांगत होतो की यात खोटं काही नाही. दुसरं वाक्य साहेबांनी सुचवलं. अशा वेळी तसंच घालतात म्हणाले, आणि मी घातलं. मी तिथे जाऊन पाहिलंसुद्धा नव्हतं. तुझी सगळी पत्रं माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आहेत. साहेबांना त्यातलं काही माहीत नाही.

सभेत खरं सांगितलं तर ढाल जाईल, ते सोड. पण साहेब तोंडघशी पडतील आणि मला कुठे टाकतील याचा नेम नाही. हिचं औषधपाणी चालू आहे. मला थोडा वेळ दे. सभेनंतर सावकाश काहीतरी मार्ग काढतो, शिंपीणबाईंचं नुकसान होऊ देणार नाही. तू मात्र सभेला येऊ नकोस. तुला ऐकू येत नाही, उगाच दगदग होईल.

तुझा,
खारू

२२ जून

चि. खारूस,

नको म्हणालास तरी मी आले. ऐकू येत नसलं तरी दिसतं.

शिंपीणबाईच्या शेजारी बसले होते. ती उठली, ऑफिसचा कागद डाव्या हाताने वर धरून बोलली आणि बसली. साहेबांनी तुझ्याकडे पाहिलं. तू उभा राहिलास, खाली बघत काहीतरी बोललास, तुझे ओठ फारसे हललेही नाहीत. मग शिंपीणबाई बसल्या जागेवरून तुला काहीतरी म्हणाली. तू बसता बसता थांबलास. मग मान वर करून पुन्हा बोललास. साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. पुढच्या रांगेतले सगळे मागे वळून शिंपीणबाईकडे पाहायला लागले, आणि तिने डोळे मिटून घेतले.

मग मीही उभी राहिले. तू माझं नाव घेतलंस की नाही ते मला कळलं नव्हतं, पण माझं मला सांगायचं होतं. अर्ज मी काढून घेतला, लोकांना ऑफिसात जाऊ दिलं नाही, भाच्याच्या खुर्चीवर मी मिरवले. माझा आवाज आता ताब्यात राहत नाही. रस्त्यापर्यंत ऐकू गेला म्हणे.

परत येताना शिंपीणबाईला विचारलं की खारू काय म्हणाला. ती म्हणाली, ज्याने सांगितलं त्यालाच विचारा. म्हणून विचारते. जसं बोललास तसंच लिही. गोड करू नकोस.

आत्या

२५ जून

ती. आत्यास,
नमस्कार.

गोड करण्यासारखं काही नाही. पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा मी म्हणालो की नोंदीत काही त्रुटी राहून गेली असावी, तपासून कळवू. एवढं बोलून मी बसणारच होतो. तू पाहिलंस ते तेच. मला वाटलं होतं, इतकं पुरेल.

शिंपीणबाई म्हणाल्या, "मोठ्याने बोला, आणि त्रुटी कुणाची ते सांगा."

तेव्हा मी सांगितलं की झाकण तडकल्याचं मला जानेवारीपासून माहीत होतं. तक्रार मी मुद्दाम नोंदवली नाही. बाईंनी ते सरकवल्याचं मी न पाहता लिहिलं. तुझं नाव मी घेतलं नाही. तुला वाचवायला नव्हे. आत्याकडून कळलं असं सांगायचीच मला लाज वाटली. मग तू स्वतःच उठलीस.

आता बाकीचं. शिंपीणबाईंना सुधारलेलं उत्तर साहेबांच्या सहीने गेलं आहे, त्यात चूक कार्यालयाची असं स्पष्ट लिहिलं आहे. दुरुस्ती पथक परत आलं. ढालीचं काय करायचं ते वर ठरेल, सध्या ती कपाटावर पालथी ठेवली आहे. मला तळमजल्यावर जुन्या कागदांच्या खोलीत बसवलं आहे, चौकशी लागेल. चहाला कुणी हाक मारत नाही. ही बोलते माझ्याशी. म्हणाली, निदान आता जेवण तरी खाली उतरेल.

रविवारी येऊ का? शिंपीणबाईंना विचारून कळव, त्यांच्या दारात येऊन उभं राहिलेलं चालेल का. आत बोलावलं नाही तरी चालेल.

तुझ्या मायेला पात्र नसलेला,
खारू

१ जुलै

चि. खारूस,
आशीर्वाद.

पत्र मिळालं. पहिल्यांदा काय बोललास तेही लिहिलंस, ते बरं केलंस.

शिंपीणबाईला विचारलं. नको म्हणाली. हात जुळतो की नाही ते आधी कळू दे, मग बघू, असं म्हणाली. रागावून नाही म्हणाली, पण म्हणाली. तेव्हा रविवारी ये, माझ्याकडे जेव, पण येता-जाता मागच्या दाराने.

प्लास्टर निघालं आहे. अंगठा हलतो, कात्री अजून पेलत नाही. शाळा उघडल्या आणि गणवेश अडून पडले, म्हणून तिच्या बहिणीने कापून-शिवून दिलेल्या गणवेशांना मी दुपारी तिथे बसून काजं-बटणं करते. मी आपणहून गेले. ये असंही ती म्हणाली नाही, जा असंही नाही. सुई मला धड दिसत नाही आणि टाके वाकडे येतात. ती जवळ घेऊन बघते आणि बोटानेच दाखवते की उसव. मी उसवते.

आत्या