टोपीत राहिलेला रिमोट

श्री. दाजी यांना, त्यांच्या एकुलत्या एका मेहुण्याचा शेंड्यापासून बुंध्यापर्यंत नमस्कार.

इकडे सगळे खुशाल आहोत. मी कमरेखाली जरा कमी खुशाल आहे, त्याचं कारण पुढे येईलच. तुमची खुशाली तुम्ही कळवत नाही, ती ताईकडून काढून घ्यावी लागते. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून म्हणे तुम्ही खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसता, कारण खिडकीतून झाडं दिसतात. दाजी, जन्मभर झाडं छाटलेल्या माणसाने भिंत बघत बसायचं म्हणजे काय! (यावरून ताईवर डाफरू नका. तिने फक्त खुर्चीचं सांगितलं, बाकी मी बोलतोय.)

तर वृत्तांत असा, की आपला धंदा आता तुमची भाची, म्हणजे आमची पोरगीच बघते, आणि तिने एक मशीन आणलंय. दोराला अडकवायचं, कमरेच्या पट्ट्याला जोडायचं, बटण दाबलं की बॅटरीच्या जोरावर माणूस विहिरीतल्या पोहऱ्यासारखा वर. मला बघताक्षणी ते आवडलं नाही. ना पायाची पकड, ना धाप, ना मध्येच थांबून खालच्याला शिव्या घालणं. तुमच्या शिव्या ऐकत मी खाली दोर धरला, त्यात माझे केस पिकले आणि मग गळले. ज्या चढण्यात शिव्या नाहीत ते चढणं कसलं? असं मी पोरीला सुनावलं, तर ती म्हणाली, “बाबा, तुम्ही कधी चढलायत तरी का?” आता हे खरंच आहे, पण खरं आहे म्हणून तोंडावर बोलावं का? मी तिथल्या तिथे पट्टा आवळला.

झाड कुठलं, तर शाळेमागचं आपलं थोरलं. तुम्हाला आठवतं ना, चढण्याआधी तुम्ही सगळे खिसे माझ्या टोपीत रिकामे करायचात? किल्ल्या, रुमाल, चष्म्याचं घर, ताईने दिलेली खोकल्याच्या गोळ्यांची डबी. (एकदा ती डबी वरून हेडमास्तरांच्या डोक्यावर पडली, तेव्हापासूनचा हा नियम.) तोच नियम मी पाळला. मशीनचे रिमोट दोन, एक खालच्याकडे, एक चढणाऱ्याकडे. चढणाऱ्याचा मी मोठ्या भक्तिभावाने टोपीत टाकला आणि टोपी बुंध्याजवळच्या खुंटाला अडकवली. पोरीने खालून मला वर नेलं, “आता तुमचं तुम्ही या” म्हणाली आणि फाटकापाशी शिपायाशी बोलायला गेली. मी खिसा चाचपला. मग दुसरा चाचपला. मग टोपी आठवली. ती खाली वाऱ्यावर मजेत डोलत होती.

मग मी आपल्या खुणा केल्या. दोराला एक हिसका म्हणजे थांब, दोन म्हणजे सोड, तीन म्हणजे चहा आला का. दोन दिले, मशीन ढिम्म. वैतागून तीन दिले. दाजी, तुम्ही वरून नुसतं खाकरलात तरी मला कळायचं कुठली फांदी येतेय. आणि हा चार्ज केलेला ठोकळा!

लटकल्या लटकल्या मग मी आजूबाजूला बघू लागलो. खालून मी जन्मभर ओरडत आलो ना, “डावीकडची घ्या, डावीकडची”? वरून ती डावीकडची दिसतच नाही हो. म्हणजे तुम्ही इतकी वर्षं मला हो हो म्हणायचात आणि तुम्हाला हवी तीच कापायचात! तुमचे जुने काप मात्र सापडले. चहूबाजूंनी साल आत वळून इतके छान बुजलेत, की हात फिरवत बसलो. पानांत वारा घुसला की सगळं झाड एकदम कूस बदलतं, हे तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत. तुमची फार आठवण आली. तुमच्यासारखं खाकरून पाहिलं, तर खोकलाच लागला, आणि गोळ्यांची डबी तुमच्याकडे.

शेवटी पोरगी परतली आणि तिने मला उतरवलं. पट्ट्याने मांड्या अशा काचल्या आहेत, की हे पत्र मी उभ्याने लिहितोय. असलं मशीन वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये, एवढंच माझं मत कळवतो. ताईला नमस्कार.

तुमचा, पुन्हा जमिनीवर आलेला,
मेहुणा

ता. क. मशीनला एक लाल दांडी असते. बॅटरी संपो, रिमोट हरवो, ती हळूहळू ओढली की माणूस आपोआप खाली येतो. पोरीने चढण्याआधीच दाखवली होती. मला वर लटकल्यावरही ती नीट आठवत होती. पोरीला हे कळवू नका.

आणखी एक ता. क. थोरल्याच्या शेंड्याची एक फांदी वाळलीय. पोरगी कापायला निघाली होती, मी हात लावू दिला नाही. मशीनला गुडघे लागत नाहीत, दाजी. मी सगळा वेळ लटकून तपासलंय, माझे एकदाही वाकले नाहीत. ताईशी बोलणं झालंय, ती तुम्हाला रविवारी घेऊन येतेय. चढण्याआधी खिसे नेहमीसारखे रिकामे करा, फक्त रिमोट टोपीत टाकू नका. टाकलात तरी चालेल. टोपी धरून मी खालीच उभा आहे.