डाव्या स्टेरिंगची गाडी

१ मार्च १९६७

गाडी मेली. वरवटच्या पुढे, भर रस्त्यात. आधी धूर, मग ठक् — एकच आवाज, अन् संपलं. बारा सवाऱ्या खाली उतरवल्या. मागून यष्टी आली अन् बाराच्या बारा घेऊन शेगावले गेली. कंडक्टर खिडकीतून हसला. त्याचे दात लक्षात ठेवले आहेत.

बैलं लावून गाडी सोनाळ्याले ओढत आणली. मालक दारात उभा. म्हणे, "काय केलं बे गाडीले?"

मी काय केलं! सहा वर्षं त्या मढ्याले मी जिवंत ठेवलं. त्याच्यात माझं कातडं गेलं. अन् विचारतो, काय केलं बे.

२ मार्च

मालकाच्या घरी सभा. मालक उकंडराव पलंगावर, त्याचा साळा भगवानराव खुर्चीवर, मी उंबऱ्यापाशी उभा. सहा वर्षांत या घरात मी बसलेलो नाही. बस कोणी म्हटलं नाही.

दोन गाड्या आहेत. एक, नवी फियाट. सहा वर्षांमागं नंबर लावला होता, तो आता लागला. अकोल्याहून पत्र आलं आहे. दुसरी, खामगावच्या एका कापसाच्या जिनवाल्याची जुनी फोर्ड. आठ सिलेंडरची. लय पळते म्हणतात. दोन्ही घ्यायची मालकाची ताकद नाही. एक घ्यायची, अन् पाडव्याले ती दारात पाहिजे. रोज सोनाळा ते शेगाव, सकाळच्या पॅसेंजरच्या आत, यष्टीच्या पुढे.

भगवानराव अमरावतीले कोण्या वकिलाच्या फियाटवर हात बसवून आला आहे. मॅट्रिक नापास, पण शर्टाले कडक इस्त्री. नवी आली तर स्टेरिंगवर तो. हे कोणी बोललं नाही. सगळे माझ्याकडं न पाहता बसले होते, त्यावरूनच समजलं.

मग मी काय करणार? जानेफळले परत जाऊन दुसऱ्याच्या वावरात वखर हाकणार? माय कोणाजवळ काही बोलणार नाही. पण गाव बोलंल. काऊन बे, तू तं डायवर होता ना?

नाही जाणार.

३ मार्च

फियाट म्हणजे डबी. बारा सवाऱ्या कुठं बसवतील, भगवानरावच्या डोक्यावर?

५ मार्च

खामगावले गेलो तिघं. फोर्ड पाहिली.

काय लिहू. काळी, लांब, रुंद, शेगावच्या लॉजमधल्या खाटेएवढी तिची नुसती बैठक. पण खरी गंमत दुसरीच. तिचं स्टेरिंग डाव्या बाजूले! मालक सवयीनं डावं दार उघडून ऐटीत बसायले गेला अन् पोट चाकावर आपटलं. मी हसलो नाही. ओठ दातात धरले.

आधी भगवानराव बसला. "हे उलटं काय हाय?" म्हणे. पन्नास पावलं गेला अन् गाडी बाभळीच्या काट्यांत. जिनवाल्याचा दिवाणजी ओरडला. मग मी बसलो.

चिखली रोडनं काढली. ती पळत नाही, ती रस्ता गिळते. पाय नुसता ठेवला तर मालकाची टोपी मागं पडली. पुढं एक ट्रक होता. डाव्या बाजूनं मले पुढचं काही दिसंना. म्हटलं, मालक, पाहा, समोरून काही येऊन राह्यलं काय? मालक उजव्या खिडकीतून मुंडी बाहेर काढून पाहे अन् म्हणे, काढ. काढली. पुन्हा बैलगाडी. पुन्हा मुंडी बाहेर. सहा वर्षांत पैल्यांदा तो माझं काम करत होता.

ही गाडी या तालुक्यात मीच हाकू शकतो. दुसरं कोणी नाही.

परत आल्यावर गाडीखाली शिरलो. गिअरपेटीचा नट सैल केला, तेल बोटावर घेऊन चोळलं. खरखर लागली. भुसा. लाकडाचा बारीक भुसा. गिअरचे दात झिजले की विकणारे तेलात भुसा कालवतात, आवाज दबतो. महिना टिकतं, लय तं दोन महिने. मग एक दिवस भर रस्त्यात दात तुटतात.

बोट पँटीले पुसलं. बाहेर आलो.

"कशी हाय बे?"

म्हटलं, लोण्यासारखी.

७ मार्च

काम नाही. लायसन काढून पाहत बसलो. त्यावर माझं नाव इंग्रजीत आहे. मले इंग्रजी येत नाही, पण हे नाव मी गिरवून गिरवून पाठ केलं. मोतीराम — सुरुवातीले एम, शेवटी एम. दोन्हीकडं सारखी दोन शिंगं. मधली अक्षरं डोळे मिटून ओळखतो.

हे लायसन मालकानंच काढून दिलं, एकसष्ट साली. बुलढाण्याले नेलं होतं. दोन कागदांवर सही घेतली. मी विचारलं होतं, लायसन एक अन् कागद दोन काऊन? म्हणे, सरकारी काम असंच असते बे.

उपकार केला म्हणून महिन्यातून एकदा तरी ऐकवतो.

९ मार्च

गुरुवार. शेगावले दर्शनाची गर्दी अन् आमच्या दारात गाडी नाही. मालक दिवसभर चिडलेला. मले म्हणे, गाडी नाही तं तू काय कामाचा, गोठा झाड. झाडला. भगवानराव ओट्यावर दात कोरत पाहत होता. शेणाचा पो त्याच्या चपलेजवळ टाकला. चुकून.

१३ मार्च

पुन्हा सभा. आज मले बोलू दिलं.

मी सांगितलं की पूर्णेच्या पात्रातली रेती डबीच्या पोटाले लागंल, फोर्ड उंच आहे, निघून जाईल. यष्टीले मागं टाकायचं तं ताकद पाहिजे. बारा माणसं, वर टोपल्या, वांगे, कोंबड्या — चार सिलेंडर रडतील.

भगवानराव म्हणे, फोर्ड दारुड्यावानी पेट्रोल पिते. सामान मिळत नाही. नवी ते नवी, रोज सकाळी किल्ली फिरवली की चालू. मग मालकाकडं वळून म्हणे, "भाऊजी, शर्यतीच्या पटाची जोडी अन् नांगराची जोडी वेगळी असते. आपल्याले रोज नांगरायचं हाय."

खरं बोलला. त्याच्या तोंडून खरं निघालं याचाच जास्त राग आला. मी लगेच म्हटलं, आमच्या जानेफळले पटाचीच जोडी दुसऱ्या दिवशी नांगराले जुंपतात, ज्याच्या हातात जोर असंल त्याले दोन्ही जमते.

मालक हसला. पलंगावर थाप मारली. मी समजलो, फोर्ड येणार.

१४ मार्च

मालकीणबाईनं मागच्या दारी बोलावून च्या दिला. सत्यभामाबाई बरी बाई आहे. या घरात माझ्या नावानं हाक मारणारी ती एकटीच. म्हणे, "मोतीराम, पोरगी बाळंतपणाले येऊन राह्यली. वेळ आली तं तुलेच शेगावले न्या लागंल तिले, दवाखान्यात. ते जुनी गाडी दगा तं नाही देणार ना?"

मी कपात पाहत म्हटलं, नाही बाई.

च्या गोड होता. अर्धा कप ओट्यावर ठेवून निघालो.

१५ मार्च

तिनं मलेच काऊन विचारलं? नवऱ्याले विचारावं. साळ्याले विचारावं. सगळ्या घराचं ओझं डायवरच्या डोक्यावर! मी का देव आहे?

१८ मार्च

भगवानराव बसस्टँडवर चारचौघांत म्हणाला की याले इंजनातलं काय कळते, हा तं चौथीतून पळालेला. चौथीतून नाही. चौथी पास झालो. मग बाप गेला म्हणून शाळा सुटली. त्याले सांगून काय उपयोग.

त्याच्या सायकलीची हवा सोडली. हे बरोबर केलं नाही. पुन्हा सोडीन.

२४ मार्च

कचरू मिस्तरीकडं गेलो, शेगावले. त्याले आडून विचारलं, भुसा घातलेली गिअरपेटी किती दिवस चालंल? तो हसला. "भरल्या गाडीवर, रोज? पंधरा दिवस पुरे." मग बारीक डोळे करून, "कोणाची हाय बे?"

म्हटलं, अशीच एकाची.

पंधरा दिवस. पाडव्यानंतर पंधरा दिवस. अन् पोरीचे दिवस पण तेव्हाच.

मी रात्रंदिवस स्वतःले सांगतो — दात तुटले तं मी दुरुस्त करीन. पण रस्त्यात, पोरीले कळा सुरू असताना, पूर्णेच्या मधात, कशाने दुरुस्त करीन? दातानं?

२९ मार्च

मायचं पत्र. शाळेतल्या मास्तरकडून लिहून घेतलं आहे. म्हणते, तब्येतीले जप, मालकाले उलटून बोलू नको, त्यानं तुले माणसात आणलं.

पत्र फाडलं. मग तुकडे जोडून ठेवले.

४ एप्रिल

दुपारी मालक आला. हातात एक कागद, इंग्रजी टाईप केलेला. म्हणे, "लायसनचा कागद हाय बे. इथं सही कर." अंगठ्यानं जागा दाबून धरली होती.

माझे हात ग्रीसनं काळे होते. म्हटलं, मालक, कागद खराब होईल, ठेवून द्या, सकाळी करून देतो. भगवानराव म्हणे, आत्ताच घ्या. मालक म्हणे, करंल तो, कुठं पळून जाते. कागद खिळ्याले अडकवून गेले.

हात धुतले. कागद उगाच पाहिला. वरून तिसऱ्या ओळीत एक एम. त्याच्या पुढं पाच अक्षरं, अन् शेवटी पुन्हा एम. लायसन काढलं. बाजूले धरलं. एकेक अक्षर बोटानं मोजलं.

तेच.

लायसनचा कागद असता तं माझं नाव असणारच, असं म्हटलं मनाले. पण लायसन नवं करायले अजून वर्षभर आहे. अन् त्या कामाले साळा काऊन घाई करंल?

५ एप्रिल

सकाळी मालक उठायच्या आधी यष्टीनं शेगाव. हो, यष्टीनं. त्याच कंडक्टरच्या हातून तिकीट घेतलं.

स्टेशनावर माणिकराव आहेत, तिकिटाच्या खिडकीवर. गाडी किती लेट आहे ते मले आधी सांगतात, म्हणून सवाऱ्या मिळतात. मॅट्रिक पास माणूस, इंग्रजी कडक. कागद खिडकीतून आत सरकवला. त्यांनी वाचला. पुन्हा वाचला. चष्मा काढला.

"मोतीराम, हे लायसनचं नाही. तू लिहून देऊन राह्यला की मले नवी फियाट नको, माझा नंबर रद्द करा."

मी म्हटलं, माझा कसा? नंबर मालकाचा आहे.

"नंबर तुझ्या नावानं हाय. एकसष्ट सालचा. एका माणसाले एकच नंबर मिळे, म्हणून या लोकांनी बायको, साळा, नोकर, सगळ्यांच्या नावानं लावून ठेवले. तुझा आधी लागला. तू सोडला तं साळ्याचा नंबर पुढं सरकंल." मग हळूच म्हणाले, "तुले माहीत नव्हतं?"

दोन कागद. सरकारी काम असंच असते बे.

बाकड्यावर बसलो. पॅसेंजर आली अन् गेली. महिनाभर मी ज्या गाडीले डबी म्हटलं, जिच्या पोटाले रेती लावली, जिच्यासाठी भुशाले लोणी म्हटलं — ती माझ्या नावाची. पैसे त्याचे, पण सही माझी. माझ्या सहीशिवाय घेताही येत नाही अन् सोडताही येत नाही.

माणिकराव खिडकीतून म्हणाले, काय करणार?

कागदाची घडी करून खिशात ठेवली. सत्यभामाबाईचा च्या आठवत होता.

६ एप्रिल

सभेत उंबऱ्यापाशीच उभा राह्यलो. म्हटलं, फोर्डच्या गिअरात भुसा आहे. मले पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ती घेऊ नका, पोरगी रस्त्यात अडकंल. मालक उठून हात उगारत आला. मग मी कागदाची घडी खिशातून काढली अन् लायसनजवळ परत ठेवली. म्हटलं, सही अकोल्याले करीन, नव्या गाडीच्या कागदावर. स्टेरिंग माझं. भगवानराव खाली पाहत होता.

मालकाचा हात हळूहळू खाली आला.

मग म्हणाला, "उभे काऊन? बसा ना, मोतीरामजी."

पलंगावर बसलो.