भट्टी उलटी निघाली

स्मृति नगर, भिलाई

तीर्थरूप रामाजीमामाले भाची हर्षाचा वाकून नमस्कार,

तुमचे गुडघे कसे आहेत? मामीची शुगर? आमी इथं ठीक आहो, म्हणजे परवापर्यंत होतो. परवापासून माह्या तोंडचं पाणी पळालं आहे.

तुमाले माहीतच आहे, शाळेत प्रोजेक्ट म्हटलं का मी थर्माकोल कापाले बसते. (पोरं फक्त वर नाव लिहितात.) इथल्या स्टील प्लांटच्या भट्टीचं आपलं मॉडेल बारा वर्षांपासून प्राचार्यांच्या खोलीत मिरवून राहिलं, आत लाल बल्ब, बाजूले जिल्ह्याचं पहिलं बक्षीस. औंदा ट्रेनिंगमधी सांगितलं का आता पोरायनंच प्रश्न काढायचा अन् पोरायनंच उत्तर शोधायचं. मी म्हटलं, बरं झालं बापा, कापाकापी वाचली! सातवीले म्हटलं, काढा प्रश्न. अन् त्यायनं काय काढावा? "मॅडम का मॉडल सही है क्या?"

मी तं हसून राहिली होती, मामा. नीतू नावाची पोरगी आपल्या आजोबाले घेऊन आली. पुंडलिकराव, तीस वर्षं भट्टीवर काढलेला माणूस. त्यायनं चष्मा पुसला, मॉडेल पाहिलं अन् भर वर्गात म्हणाले, बाई, हे उलटं आहे. लोखंड जड, ते खालच्या तोंडातून निघते. स्लॅग म्हणजे लोखंडाची मळी, हलकी, दुधावरच्या सायीसारखी वर तरंगते, ती वरच्या तोंडातून. तुमी नेमकी अदलाबदल केली. अगं माय! बारा वर्षं उलटी भट्टी शिकवली मी! (त्यातली काही पोरं आता प्लांटमधीच आहेत. देवा, कोण्या खात्यात असतील?)

सोमवारी तपासणीले साहेब येणार, हे प्रकरण दाबा, असं प्राचार्य म्हणाले. दाबता आलंच नाही. सगळा वर्ग माह्याकडे पाहून राहिला होता. मी म्हटलं, मले माहीत नव्हतं. अठरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच म्हटलं. वाटलं, आता हसतील. त्यायनं ते वाक्य वहीत उतरवून घेतलं, निष्कर्ष म्हणून.

मामीले नमस्कार सांगा.

तुमची,
हर्षा

ता. क. पोरायचा दुसरा प्रश्न तयार आहे: मॅडमले चुकीचं शिकवलं कोणी? भट्टीचं चित्र तुमीच काढून दिलं होतं, मी खोटं कशी बोलू? रविवारी दहा वाजता बावीस पोरं व्हिडिओ कॉलवर तुमची मुलाखत घेणार आहेत.

आणखी एक. तुमचं नाव ऐकून पुंडलिकराव लई खुश झाले. म्हणे, रामाजी? कँटीनवाले? काय समोसे तळायचे! मामा, तुमी इथं प्लांटमधी होते तवा मामी तिकडं तुमसरले घर सांभाळत राहिली, तिच्यासाठी तुमी आजवर भट्टीवालेच. ती फोन स्पीकरवर टाकते, म्हणून हे पत्र. शनिवारपर्यंत तिले तुमीच सांगून द्या. नाहीतर रविवारी कॉलवर समोशाची गोष्ट ती माह्या पोरायच्याच तोंडून ऐकंल.